पायाळूची पाठ

मित्रांनो, मला पाहून मी कोण हे ओळखणे सोपे नाही. कोणी मला पलंग समजतो, कोणी हातगाडी. एका आजीबाईंनी तर 'शेवयाचा साचा एवढा मोठा कुनी केला?' असे विचारले होते. मी व्यायामाचा एक जुना सरकता पाट आहे. बाभळीची लांब चौकट, तिच्यावर मागेपुढे सरकणारी रुंद फळी, त्या फळीला खालून अडकवलेल्या चार स्प्रिंगा आणि एका टोकाला पाय टेकवायची आडवी दांडी, एवढेच माझे शरीर. आता अंगावर ओरखडे आहेत आणि दोन स्प्रिंगा गंजल्या आहेत. पण माझ्या फळीवर मला जे जाणवले ते आठवले, की आजही मी थक्क होतो.

माझा जन्म १९७१ साली देवळाली प्रवरा गावात झाला. नगरच्या नीलांबरीबाई लग्नाआधी मुंबईला फिजिओथेरपी शिकल्या होत्या, म्हणजे दुखऱ्या सांध्यांवर आणि स्नायूंवर व्यायामाने उपचार करण्याची विद्या. त्यांचे पती शरच्चंद्रराव शेतीशास्त्राच्या अभ्यासासाठी अमेरिकेला गेले, तेव्हा त्याही बरोबर गेल्या. तिथे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी पिलाटेस नावाचा व्यायाम पाहिला. तो शोधून काढणारे जर्मन गृहस्थ तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे तो शिकवत होती. नीलांबरीबाईंनी दोन वर्षे तो मन लावून शिकून घेतला. पुढे शरच्चंद्ररावांना राहुरीच्या नव्या शेती विद्यापीठात नोकरी लागली, तेव्हा दोघांनी देवळालीत घर भाड्याने घेतले. येताना आणलेल्या एका वहीत नीलांबरीबाईंनी आठवणीने माझे चित्र काढले आणि ते गोरक्ष सुतारापुढे ठेवले.

गोरक्षने चित्र उलटे धरून पाहिले, सुलटे धरून पाहिले.

"बाई, ही खाट हाय का गाडी?"

"थोडी खाट, थोडी गाडी. माणूस हिच्यावर निजेल आणि पायाने स्वतःला ढकलेल."

"ढकलून जाईल कुठं?"

"कुठेच नाही. स्प्रिंग त्याला परत आणील."

"म्हंजी जायाचं बी न्हाई आन् ऱ्हायाचं बी न्हाई," गोरक्ष म्हणाला, आणि पेन्सिल कानावर खोचून कामाला लागला.

गावात तेव्हा विहिरींवर इंजिने बसत होती आणि मोटा अडगळीत पडत होत्या. मोटेचे चाक पेलणारे बाभळीचे दोन खांब गोरक्षने आणले आणि त्यांची माझी चौकट केली. फळीखाली पिठाच्या गिरणीतले बेअरिंग बसवले. स्प्रिंगांनी मात्र त्याला दमवले. सायकलच्या सीटच्या स्प्रिंगा तोकड्या पडल्या, मोटारीच्या हलेनात. शेवटी नगरच्या भंगारबाजारात त्याला दवाखान्याची एक मोडकी लोखंडी खाट मिळाली. तिच्या स्प्रिंगा पाहून नीलांबरीबाई हसल्या. त्यांनी ऐकले होते, की त्या जर्मन गृहस्थांनाही हे यंत्र पहिल्यांदा आजाऱ्यांच्या खाटेच्या स्प्रिंगांवरूनच सुचले होते. फळीवर चौपदरी घोंगडी शिवली गेली आणि मी तयार झालो.

तयार झालो, पण माझ्यावर निजायला कोणी येईना. बायका बघायला येत, दांडी हलवून बघत, तोंडाला पदर लावून हसत आणि जात. नीलांबरीबाई रोज सकाळी एकट्याच व्यायाम करत. बाकी दिवसभर मी मागच्या खोलीत खिडकीशी पडून असे.

ती खिडकी शेजारच्या अंगणात उघडत होती. ते अंगण गोजरबाईंचे.

मित्रांनो, पायाकडून जन्मलेल्या माणसाला आपल्याकडे पायाळू म्हणतात. पाठीत उसण भरली, चमक निघाली, की पायाळू माणसाने पाठीला पाय लावावा म्हणजे ती उतरते, असा लोकांचा विश्वास. गोजरबाई पायाळू होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. दर रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात माणसे जमत. गोजरबाई चुलीवरचे काम आवरून बाहेर येत. गोणपाटावर पालथ्या निजलेल्या माणसाच्या कमरेला डावा पाय तीनदा लावत, तिसऱ्यांदा जरा जोराने. माणूस उठे, कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे वळून बघे आणि त्यांच्या पाया पडे. ज्या बाईचा शब्द एरवी घरात कोणी विचारत नसे, तिच्या पायाखाली पोलीस पाटीलसुद्धा टोपी काढून निमूट पालथे होत. त्या कोणाकडून सुपारीचे खांडही घेत नसत. खिडकीतून ते पाहताना माझ्यासारख्या नव्या लाकडाला वाटे, की अशी शक्ती असेल तर माझी गरजच काय?

नीलांबरीबाईंना मात्र एका गोष्टीची काळजी वाटत होती. साखर कारखान्याच्या गोदामात पोती उचलणारा भीमा हमाल एका रविवारी आला. त्याची कळ कमरेतून निघून मांडीमागून पोटरीपर्यंत जात होती. गोजरबाईंनी पाय लावला, भीमा पाया पडून गेला. महिन्याभराने तो काठी टेकत चालताना दिसला. त्या दिवशी नीलांबरीबाई शेजारी गेल्या. खिडकीतून मी सगळे ऐकले.

"गोजरबाई, साध्या उसणीचं मी काही म्हणत नाही. ती चार दिवसांत उतरतेच. पण ज्याची कळ पायात जाते, त्याला लाथ नका मारू. आत मणक्याला इजा असते."

गोजरबाईंनी हातातली केरसुणी खाली ठेवली. "बाई, तुमी शिकल्याल्या. माझं शिकल्यालं न्हाई, देवानं दिल्यालं हाय. आजवर कुनी तक्रार घिऊन आलं न्हाई."

"भीमा आला नाही, कारण त्याला चालवत नाही."

गोजरबाईंनी केरसुणी पुन्हा उचलली. आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतले.

पौष महिन्यात उसाची तोड जोरात होती. गोजरबाई जनावरांसाठी उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या वाढ्यांचा भारा आणायला शेतात गेल्या. भारा ओला होता, जड होता. कमरेत वाकून, अंगाला पीळ देऊन त्यांनी तो एका झटक्यात उचलला आणि डोक्यावर न्यायच्या आतच त्या खाली बसल्या. त्यांच्या यजमानांनी, कारभाऱ्यांनी, त्यांना बैलगाडीतून घरी आणले. अंगणात उतरवताना मी त्यांना पाहिले. त्यांचे शरीर एका बाजूला कलले होते, जणू कोणी वरचा भाग उचलून चुकीच्या जागी ठेवला होता. डाव्या पायातून कळ जात होती आणि त्या ओठ दाबून धरत होत्या.

आता पायाळूच्या पाठीला पाय कोण लावणार? पंचक्रोशीत दुसरे पायाळू माणूस नव्हते. कोणीतरी सांगितले, खर्ड्याला एक आहे. कारभारी एस. टी.ने खर्ड्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला घेऊन आले. तो दांडगा गडी होता, मनाने वाईट नव्हता. त्याने हात जोडून नमस्कार केला आणि पाय लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याने टाच रोवली.

गोजरबाईंचा आवाज त्या दिवशी साऱ्या आळीने ऐकला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या डाव्या पावलाची जाणीव गेली. बोटे वर उचलेनात, पाऊल लोंबू लागले. ज्या पायापुढे गावे वाकत होती, तोच पाय मेल्यासारखा झाला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी आमच्या दारात उभे राहिले. टोपी हातात होती.

"बाई, तुमी सांगितलं हुतं. आमी ऐकलं न्हाई. आता यिऊन बघता का?"

नीलांबरीबाई पायात चप्पल न घालता तशाच गेल्या. टाचणीने त्यांनी पावलाला हलकेच टोचले. "इथे कळतंय? इथे?" गोजरबाई नकाराची मान हलवत राहिल्या. "अंगठा वर करा." अंगठा हलला नाही. नीलांबरीबाईंनी त्याच दिवशी जीप मागवली आणि त्यांना एका सुट्या फळीवर निजवून नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेले.

डॉक्टर म्हणाले, दोन मणक्यांमधली चकती सरकली आहे आणि ती पायाकडे जाणाऱ्या नसेला दाबते आहे. तीन आठवडे सपाट फळीवर विश्रांती. पायाची ताकद आणखी गेली किंवा लघवी अडली, तर घटकाभरही थांबायचे नाही, ऑपरेशन करावे लागेल. तसे झाले नाही तर पुढे व्यायामाने बघता येईल. ते नीलांबरीबाईंना ओळखत होते. त्यांनी तशी चिठ्ठी लिहून दिली.

तीन आठवड्यांत कळ कमी झाली, पाऊल मात्र तसेच राहिले. फाल्गुन लागला तेव्हा कारभारी आणि गोरक्ष यांनी गोजरबाईंना आमच्या मागच्या खोलीत आणले आणि माझ्यावर निजवले.

मित्रांनो, आजारी माणसाचा भार मी पहिल्यांदाच घेत होतो. त्यांचे अंग भीतीने ताठ झाले होते. दोन्ही हातांनी त्यांनी माझी चौकट धरून ठेवली होती.

"ही फळी पळंल, बाई."

"पळणार नाही. आज आपण तिला हलवणारच नाही."

आणि खरेच, पहिले पाच दिवस मी एक सूतही हललो नाही. नीलांबरीबाई त्यांना फक्त श्वास घ्यायला शिकवत होत्या. मला वाईट वाटले. एवढी बेअरिंगे, एवढ्या स्प्रिंगा, आणि काम काय, तर श्वास? श्वास तर सगळेच घेतात.

"पोट फुगवू नका. बरगड्या बाजूंना उघडू द्या, छत्री उघडते तशा. आता हळू सोडा. सोडताना बेंबी पाठीकडे न्या."

गोजरबाईंना ते जमेना. त्या दम कोंडून धरत, मान ताठ करत. मग नीलांबरीबाई म्हणाल्या, "लुगड्याचा काष्टा घट्ट खोचताना पोट आत घेता ना, तसं."

गोजरबाईंनी तसे केले आणि तेव्हा मला ते पहिल्यांदा कळले. त्यांच्या कमरेच्या आत, खूप खोल, स्नायूंचा एक रुंद पट्टा हळूच आवळला गेला. बाहेरून काही दिसले नाही. पण घोंगडीवरचा त्यांचा भार बदलला. इतके दिवस दुखऱ्या जागेवर एकवटलेला भार पाठभर पसरला. इतका वेळ त्यांची पाठ मी पेलत होतो. आता त्या क्षणी ती स्वतःला पेलत होती. मोटेच्या खांबाचे लाकूड मी, मणामणाचे ओझे मला ठाऊक होते. पण माणसाच्या अंगात असा आधार असतो आणि तो नुसत्या श्वासाने जागा होतो, हे मला ठाऊक नव्हते.

"माझ्या पाठीत झालं तरी काय हाय, बाई?" एक दिवस गोजरबाईंनी विचारले.

नीलांबरीबाईंनी वहीत मणके काढून दाखवले. एकावर एक मणके, मधे मऊ गादी, गादीच्या आत गिळगिळीत गर. वाकून, पिळून ओझे उचलले, की गादीची कड फाटते आणि गर बाहेर येतो.

गोजरबाई चित्राकडे बघत राहिल्या. "म्हंजी तळताना करंजीची कड उकलली आन् सारन भाईर आलं."

"अगदी तसंच."

"मग उकलल्याल्या करंजीवर कुनी लाथ मारली, तर..."

नीलांबरीबाईंनी वही मिटली.

सहाव्या दिवशी मी हललो. एकच स्प्रिंग लावली होती. गोजरबाईंनी दांडीवर दोन्ही पाय टेकले, श्वास सोडला आणि ढकलले. उजव्या पायाने जोर दिला, डावे पाऊल दांडीवरून घसरले. मी वाकडा सरकलो आणि करकरलो.

"ह्यो पाय लई जनांच्या पाठीवर पडला, बाई. आज दांडीवर बी पडंना," गोजरबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांपर्यंत गेले. निजलेल्या माणसाचे पाणी तिकडेच जाते.

नीलांबरीबाईंनी ते पाऊल आपल्या तळहाताने दांडीवर धरले. "पुन्हा. वीतभरच. घाई कोणाला आहे?"

घाई कोणालाच नव्हती. रोज सकाळी गोजरबाई येत, आधी दोघांच्या आधाराने, मग एकट्या कारभाऱ्यांच्या. कारभारी दाराशी बसून राहात. घरी भाकरी आता तेच थापत होते. त्या इतक्या जाड होत, की नातेवाईक चेष्टा करत आणि ते ऐकून घेत. चैत्र संपला. मी वीतभर सरकत होतो, मग दोन विती. गोजरबाई कंबर उचलायला शिकल्या, एकेक मणका मोजत खाली टेकवायला शिकल्या. सुरुवातीला त्यांची पाठ एकसंध लाकडासारखी पडे. पुढे पुढे ती साखळीसारखी, कडी कडीने माझ्यावर उतरू लागली. उतरताना मी प्रत्येक मणका वेगळा ओळखू लागलो. किती मणके, किती बारीक काम. एवढे नीट कोरीव काम गोरक्षच्या हातूनही झाले नसते.

पण डावे पाऊल मात्र काही मनावर घेत नव्हते. मी दर वेळी थोडा वाकडा सरकत होतो आणि माझे करकरणे ऐकले, की गोजरबाईंचा चेहरा उतरे.

वैशाखात एका सकाळी नीलांबरीबाईंनी स्प्रिंग बदलली. गोजरबाईंनी पाय टेकले, श्वास सोडला आणि ढकलले. मी सरळ गेलो. शेवटपर्यंत, एका रेषेत, आवाज न करता. परत येतानाही सरळच आलो. नीलांबरीबाई जागच्या जागी थांबल्या.

"गोजरबाई, डावा अंगठा वर करून बघा."

अंगठा थरथरला आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढा वर उठला. पुन्हा खाली आला. पुन्हा उठला.

दाराशी बसलेले कारभारी उठले आणि अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी तर श्वास घेणारा प्राणी नाही, पण त्या क्षणी माझ्याही चारी स्प्रिंगा ताणून धरल्यासारख्या वाटत होत्या.

मग गोजरबाई बोलल्या, ते त्या अंगठ्याबद्दल नव्हतेच. "बाई, खरं सांगा. भीमाच्या पायाचं माझ्यामुळं झालं का?"

नीलांबरीबाई त्यांच्या उशाशी बसल्या. "त्याची चकती आधीच सरकली होती. पण लाथेने भर पडली नसेल, असं मी म्हणू शकत नाही."

गोजरबाईंनी डोळे मिटले. त्या दिवशी त्यांनी पुढचा व्यायाम केला नाही. उठल्या, काठी घेतली आणि कारभाऱ्यांना बरोबर येऊ न देता एकट्याच गल्लीने गेल्या. भीमाचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. तासाभराने खोलीच्या दारात दोन काठ्या वाजल्या. गोजरबाई डाव्या पायाने लंगडत होत्या, भीमा उजव्या.

भीमाने माझ्याकडे संशयाने पाहिले. "वैनी, तुमी लाथ मारली तवा मी तुमच्या पाया पडलो हुतो. आता हितं निजू म्हनता. ह्यानं बी तसंच झालं तर?"

"तुझ्या दारात म्हनले ते हितं बाईंच्या म्होरं बी म्हनते," गोजरबाई म्हणाल्या. "माझं चुकलं, भीमा. मला ठाव न्हवतं, पर चुकलं ते चुकलं. तू निजू नगंस. आधी मी निजते, तू बघ."

आणि त्या माझ्यावर निजल्या. भीमा स्टुलावर बसून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. नीलांबरीबाईंनी त्यालाही आधी डॉक्टरांकडे पाठवले आणि मगच हात लावला. गोजरबाई त्याच्या उशाशी बसून सांगत, "पोट आत. काष्टा न्हाई तुला, तर करदोटा आवळल्यागत कर." भीमा हसे आणि हसताना त्याचा आतला पट्टा सुटे. मग पुन्हा पहिल्यापासून.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. दुष्काळी कामे निघाली, खडी फोडून आणि मातीच्या पाट्या वाहून माणसांच्या पाठी मोडू लागल्या. गोजरबाई पुन्हा चालू लागल्या ही बातमी पसरली होती, पण ती तिच्या परीने पसरली होती. लोक म्हणत, पायाळूचा पाय मेला होता तो जिवंत झाला, आता त्यात दुप्पट शक्ती आली. मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी खिडकीबाहेर पाहिले, तर अंगण भरले होते. पोलीस पाटील होते, परगावची माणसे होती. दोघे भाऊ तर कर्जत तालुक्यातून एस. टी. बदलत बदलत आले होते. धाकटा गहिनीनाथ, तिशीचा गडी, खडीच्या कामावर त्याची पाठ धरली होती. त्याला गोणपाटावर पालथे निजवले गेले.

गोजरबाई बाहेर आल्या. सगळे उठून उभे राहिले. त्यांनी गहिनीनाथाच्या पाठीकडे पाहिले आणि सवयीने डावा पाय वर उचलला.

मित्रांनो, तो क्षण मी कधी विसरणार नाही. त्या एका पायावर उभ्या होत्या, सरळ, न हलता, आणि उचललेला पाय हवेत होता. इतक्या वर्षांचा मान, इतक्या माणसांचे जोडलेले हात, सारे त्या पायाखाली होते. खाली टेकवायचा तेवढा बाकी होता. त्यांनी श्वास सोडला, पाय मागे घेतला आणि जमिनीवर ठेवला. मग गुडघ्यांत वाकून त्या गहिनीनाथाशेजारी बसल्या.

"पाठीवर हो, बाबा. हळू. कळ कुटवर जाती?"

"दोनी पायात," तो म्हणाला.

थोरला भाऊ पुढे आला. "मावशी, लई लांबनं आलो. एकदा पाय लावा नुसता."

"थांब." गोजरबाईंनी हात वर केला. "मुंग्या येत्यात का? बसायच्या जागी बधिर लागतं का?"

"व्हय."

"लघवीला हुतंय का?"

गहिनीनाथ लाजला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काल दुपारपास्नं न्हाई झाली."

गोजरबाईंनी खिडकीकडे तोंड करून हाक मारली, "बाई, जीप. आत्ताच्या आत्ता." नीलांबरीबाई सारे ऐकून तोवर जीप आणायला अर्ध्या वाटेवर पोहोचल्याही होत्या.

पोलीस पाटील कुरकुरले, "गोजरे, पायाळूनं दारी आल्याल्याला न्हाई म्हनू नये."

"पाटील, माझ्या पाठीवर कुनाचा पाय पडला आन् काय झालं, समद्यांनी बघितलंय. तसंच म्या भीमाला केलं. ह्याला आज पाय लावला असता, तर हा जल्मभर खाटंवर राह्यला असता." त्यांचा आवाज चढला नाही. "माझा पाय आता चालायपुरताच हाय. ज्याला शिकायचं असंल त्यानं बाईंच्या खोलीत यावं. न्हाई त्यानं घरी जावं."

बरीचशी माणसे घरी गेली. काहींनी जाताना तोंडे वाकडी केली. पुढच्या रविवारी अंगणात कोंबड्यांशिवाय कोणी नव्हते. गोजरबाई उंबऱ्यात बसून कितीतरी वेळ त्या मोकळ्या अंगणाकडे बघत होत्या. त्यांना वाईट वाटले नसेल असे मी म्हणणार नाही.

गहिनीनाथाचे नगरला त्याच संध्याकाळी ऑपरेशन झाले. चार महिन्यांनी तो स्वतःच्या पायांनी चालत आला, एक कोहळा घेऊन. गोजरबाईंनी तो कोहळा घेतला. मला वाटते, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाकडून काही घेतले असेल.

हळूहळू माणसे मागच्या खोलीत येऊ लागली. पाट्या वाहणाऱ्या बाया, ट्रॅक्टरचे ड्रायव्हर, एक शाळामास्तर. नीलांबरीबाई तपासत आणि ज्याला गरज असेल त्याला डॉक्टरांकडे धाडत. व्यायाम समजावण्याचे काम मात्र बहुतेक गोजरबाईच करत. करंजीची गोष्ट त्या इतकी छान सांगत, की मास्तरांनी ती वहीत उतरवून घेतली. भीमाची काठी सुटली. पोती उचलण्याचे काम त्याला पुन्हा जमले नाही, पण गोदामात शिक्के मारण्याचे काम मिळाले.

१९७४ साली शरच्चंद्ररावांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढू लागले. नीलांबरीबाई माझ्याजवळ आल्या, घोंगडीवरून हात फिरवला आणि गोजरबाईंना म्हणाल्या, "हा इथेच राहील. तुमच्याकडे."

"मी काय डॉक्टर हाय व्हय, बाई?"

"नाही. म्हणून तर जे कळत नाही ते तुम्ही डॉक्टरकडे पाठवता. तेवढं सांभाळा."

मला शेजारच्या घरात न्यायला चार गडी आले. बाभळीचे लाकूड, माझे वजन काही थोडे नव्हते. चौघे सवयीप्रमाणे कमरेत वाकले, तोच गोजरबाईंनी त्यांना थांबवले.

"जवळ या त्येच्या. आनखी जवळ. गुडघ्यात वाका, पाठ सरळ. पोट आत. आता श्वास सोडा, आन् मग उचला."

चौघांनी श्वास सोडला. मी जमिनीवरून अलगद उठलो, इतका अलगद, की उठलो कधी हे मलाही कळले नाही. कोणी कण्हले नाही, कोणी दात-ओठ खाल्ले नाहीत. चार पाठी चार खांबांसारख्या उभ्या राहिल्या आणि गोजरबाई पुढे चालत गेल्या, दोन्ही पावले सारखी टाकत.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी त्यांच्या पडवीत काम केले. आता गोजरबाई नाहीत, माझ्यावर निजायलाही फारसे कोणी येत नाही. कोणी धान्याची पोती ठेवते, कोणी गोधड्या. माझी काही तक्रार नाही. तुमच्याकडे मागणे मात्र एक आहे, मित्रांनो. पाठ दुखली तर ती लपवू नका आणि जो हात लावील त्याच्या हाती ती देऊ नका. कळ पायात उतरली, तर जाणत्या माणसाकडे जा. आणि पाण्याचा हंडा असो, दप्तर असो की धाकटे भावंड असो, उचलण्याआधी क्षणभर थांबा, त्याच्या जवळ जा, गुडघ्यांत वाका आणि श्वास सोडा. तुमच्या पाठीत जो खोल पट्टा आहे, तो तुम्हाला दिसणार नाही. मी तो शेकडो माणसांच्या पाठीत जागा होताना अनुभवला आहे. तो तुमच्याही आत आहे. त्याला जागे ठेवा.